मे महिन्यात गावी पोरांना काय काय दाखवायचं (फॅमिली ग्रुपवरची चर्चा)

मेघा (पुणे): सगळ्यांना नमस्कार 🙏 शाळेला सुट्टी लागली की आम्ही पोरांना घेऊन गावी येतोय, प्राजक्ताताई पण त्याच आठवड्यात येतायत. आत्ताच ठरवून ठेवू म्हणजे तिथं आल्यावर पोरं सोफ्यावर मोबाईल घेऊन पडणार नाहीत. नदीवर पोहायला नेता येईल का? मुक्ता रोज विचारतेय.

अमोल (पुणे): मी म्हणतो सांगलीच्या बाजूला एखादा वॉटर पार्क नाहीतर रिसॉर्ट बघू एक दिवस, एसी पण मिळेल. गावात दुपारी काय करणार ४० डिग्रीत

सुमनआत्या: अमोल तू लहानपणी चार चार तास विहिरीतनं बाहेर निघत नव्हतास, तुला काठी घेऊन काढायला लागायचं. आता एसी पाहिजे होय.

अमोल: आत्या तेव्हा पोट नव्हतं 😂

सतीशदादा (गाव): मेघा, नदीत पोहायचं नाही. हे आधीच सांगतो म्हणजे पोरांना आशा लावू नका. आपल्या कृष्णेत भिलवडी, औदुंबर, डिग्रज या सगळ्या पट्ट्यात मगरी आहेत हे तुला माहितीच आहे, आणि उन्हाळ्यात तर जास्तच जपायला लागतं, कारण फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत मादी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पिल्लं निघंपर्यंत त्याच्याजवळच असते, जवळ कोण गेलं की अंगावर येते. त्यात पाणी कमी झालेलं, म्हणजे सगळ्या मगरी डोहातच गोळा झालेल्या. बाया धुणं धुताना पण एकीला काठावर उभी करतात. बाकी आपण सोडून दिलं तर ती मासे खाऊन गप पडून असते, तिची काय आपल्याशी दुश्मनी नाही.

मेघा: बापरे. मग नदीचा विषयच बंद. मुक्ताला काय सांगू आता

सतीशदादा: बंद कशाला. होडीतनं बघायची. औदुंबरला दत्ताच्या देवळाच्या घाटावरनं पलीकडं भुवनेश्वरीला होडी जाते, सकाळी सकाळी गेलं की समोरच्या काठावर मगर उन्हाला पडलेली दिसते कधीकधी, तोंड उघडं टाकून. पोरास्नी आयुष्यभर लक्षात राहील. फक्त हात पाण्यात घालायचा नाही आणि उभं राहून फोटो काढायचे नाहीत, अमोल हे तुला.

नानाकाका: औदुंबरला नेणार असाल तर पोरांना त्या मंदबुद्धी मुलाची गोष्ट सांगत न्या. गुरुचरित्रात आहे. अभ्यास येत नाही म्हणून सगळे हिणवतात, तो भुवनेश्वरीपुढं जाऊन जीभ कापून वाहतो आणि देवी त्याला म्हणते नदीपलीकडं औदुंबराखाली स्वामी बसलेत त्यांच्याकडं जा. त्या स्वामींनी, म्हणजे नृसिंहसरस्वतींनी, तिथं एक चातुर्मास काढला. ती गोष्ट ऐकून मग होडीत बसलं की पोरं आपोआप विचारतात, तो मुलगा पोहून गेला का, मगरी होत्या का तेव्हा.

ऋतुजा (मुंबई): नाना जीभ कापायची गोष्ट सात वर्षांच्या मुलाला सांगू का नको ते मी बघते 😅

नानाकाका: आम्हाला पाचव्या वर्षी सांगितली होती, काही झालं नाही.

ऋतुजा: आणि पोहण्याचं काय मग? आमचा पण तेवढ्यासाठीच येणार म्हणतोय.

सतीशदादा: विहीर आहे की मळ्यातली. पायऱ्यांची आहे, पाणी मे महिन्यात पण पुरुषभर वर असतं, तळ दिसत नाही. पोहायला शिकवतो सगळ्यांना पण माझे नियम. एक तर मोटर बंद, नुसती बंद नाही स्टार्टरचा फ्यूज काढून माझ्या खिशात, कारण पाण्यात करंट उतरल्याच्या गोष्टी दर उन्हाळ्यात ऐकू येतात. त्यामुळं मोटरची थ्री फेज लाइट दिवसाची आहे का रात्रीची ते बघून वेळ ठरवायची, दिवसपाळी असली तर उसाला पाणी पण द्यायचं असतं ना, त्यामुळं पोहणं सकाळी सातच्या आत. दुसरं, प्रत्येक पोराच्या कमरेला दोर, आणि वर धरायला एक मोठं माणूस ज्याच्या हातात फोन नाही. तिसरं, उडी पायऱ्यांच्या बाजूनं नाही, थारोळ्याकडनं, म्हणजे पूर्वी मोटेचं पाणी पडायचं त्या बाजूनं.

प्राजक्ताताई: आम्हाला पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून शिकवलं होतं ना आप्पांनी? सुकलेलं लाकूड एकदम हलकं, कागदासारखं. तो दोर काखेत असा काचायचा की रात्री तेल लावून झोपायचो. पण पाठ कधी बुडाली नाही, आणि एक एक दिवस आप्पा बिंडा थोडा थोडा तासून लहान करायचे, आम्हाला कळायचं पण नाही, आणि एक दिवस बिंडा नाहीच. मी तर काठावर येऊन रडले होते की मला न सांगता सोडलं म्हणून, आणि तोवर पोहून आले होते.

सतीशदादा: पांगारा आता बांधावर राहिलाय कुठं. हल्ली सगळे पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा बांधतात. लाइफ जॅकेट आणलं तर आणखी चांगलं.

अमोल: ठीक आहे वॉटर पार्क कॅन्सल. पण दुपारचं सांगा कुणीतरी.

सुमनआत्या: दुपारी अकरा ते साडेचार कुणी अंगणाच्या बाहेर जायचं नाही. दुपारला काम आहे. कुरडया घालायच्यात. गहू भिजत घालायचे तीन दिवस आधी, रोज पाणी बदलायचं, मग वाटून गाळून चीक काढायचा, तो रात्री निवळायला ठेवायचा आणि पहाटे शिजवायचा. पोरांना साडेपाचला उठवा, गरम चीक दूध साखर घालून वाटीत दिला की उठतात बरोबर. सोऱ्या फिरवायला मोठी पोरं, गच्चीवर साडी अंथरून कुरडया घालायला बायका, आणि दिवसभर कावळे हाकायला लहान पोरं. कावळ्यापेक्षा पोरंच ओल्या कुरडया जास्त खातात पण ते चालायचंच. दुपारी मग माजघरात पत्ते, सागरगोटे, आंब्याच्या अढीतले आंबे उलटेपालटे करायचे. पिकलेला कुठला ते वासावरनं ओळखायला शिकवते मी.

ऋतुजा: आत्या मला फक्त दुपारसाठी यायचंय 😍

मेघा: गुऱ्हाळ बघायचं होतं हो पोरांना, गरम गूळ, काकवी.

सतीशदादा: ते मे महिन्यात नाही मिळायचं वहिनी. ऊसतोड संपून जाते, गुऱ्हाळं दिवाळीनंतर सुरू होतात ती मार्चपर्यंत. बेदाण्याची शेडं पण तोवर रिकामी होतात. गुऱ्हाळासाठी डिसेंबरात या. आता रसवंती आहे, ती चालेल का बघा.

यश (मेघाचा): काका गावात रेंज आहे का

सतीशदादा: गच्चीवर आहे. विहिरीत नाही.

नानाकाका: एक दिवस सागरेश्वरला जाऊया. पोरांना हरणं दिसतील, चितळ भरपूर, सांबर काळवीट पण आहेत. मला ते अभयारण्य एवढ्यासाठी आवडतं की ते माणसांनी तयार केलंय. उघडाबोडका डोंगर होता सगळा. आपल्याच भागातल्या धों. म. मोहिते अण्णांनी पाठपुरावा केला, झाडं लागली, जनावरं आणून सोडली, १९८५ ला अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र म्हणाल तर जेमतेम ११ चौरस किलोमीटर, सगळीकडनं कुंपण. उन्हाळ्यात झाडोरा वाळलेला असतो म्हणून जनावर लांबनं दिसतं, आणि पाणवठ्यावर येतंच. वरनं कृष्णेचं खोरं दिसतं, खाली सगळा हिरवागार ऊस आणि तुम्ही उभे ते कोरडं माळरान. पायथ्याशी जुन्या देवळांचा समूह आहे. येताना देवराष्ट्रेत यशवंतराव चव्हाणांचं जन्मघर बघायचं, ते आजोळ त्यांचं. केवढ्याशा घरातनं माणूस कुठं गेला ते पोरांना दिसू दे.

अमोल: नाना पण किती वाजता

नानाकाका: सहाला गाडी सुटली पाहिजे. नऊनंतर हरीण पण सावलीत जाऊन बसतं, ते तुमच्यापेक्षा शहाणं आहे.

प्राजक्ताताई: नृसिंहवाडी आणि खिद्रापूर मात्र करायचंच हं, एका दिवसात दोन्ही होतं. माझं म्हणणं आधी खिद्रापूर. सकाळी. कोपेश्वरच्या स्वर्गमंडपात मधोमध छताला गोल उघडी जागा आहे, खाली तेवढीच गोल शिळा, सभोवती खांबच खांब, ४८ आहेत. सकाळचं ऊन तिरकं आत येतं आणि खांबाखांबावर सरकत जातं. दुपारी गेलात तर अनवाणी पाय भाजतील, मागच्या वेळी आमच्या ह्यांनी अक्षरशः नाचत प्रदक्षिणा घातली. बाहेरच्या भिंतीला खाली हत्तींची रांग आहे, पोरांना मोजायला लावा, अर्धा तास निवांत मिळतो. आणि विचारा नंदी कुठंय, शंकराच्या देवळात नंदीच नाही! सती दक्षाच्या यज्ञाला नंदीवर बसून गेली म्हणून तो तिकडंच राहिला म्हणतात, नदीपलीकडं कर्नाटकात यडूरला त्याचं देऊळ आहे.

ऋतुजा: हे मला पण माहीत नव्हतं

प्राजक्ताताई: मग दुपारी वाडीला. कृष्णा पंचगंगेचा संगम. पोरांना घाटावर उभं करून सांगायचं की पावसाळ्यात पाणी देवळात शिरतं, पादुकांवरनं वाहतं आणि लोक त्यात स्नानाला गर्दी करतात. आत्ता एवढ्या पायऱ्या खाली उतरून पाणी लागतंय तेव्हा त्यांना पटतच नाही. सांगलीतनं जाताना आयर्विन पुलावर पण थांबा, १९२९ चा पूल, २०१९ च्या पुरात तिथं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. यशला विचारा तुझ्या बिल्डिंगचा कितवा मजला येईल.

यश: पाचवा 😳

मेघा: वाडीची बासुंदी आणि कवठाची बर्फी माझ्याकडून सगळ्यांना.

सुमनआत्या: आणि येताना वांगी आणा. कृष्णाकाठची पांढुरकी हिरवी, काटेरी, लहान बघून. उन्हाळ्यात जरा निबर निघतात, देठ मोडून बघून घ्या. जांभळी आणलीत तर मी करणार नाही.

अमोल: मी एक सांगू का, रोज एक ट्रिप नको. औदुंबर, सागरेश्वर, खिद्रापूर-वाडी एवढं बास, मधले दिवस मोकळे ठेवा. मागच्या दिवाळीत आपण पोरांना गाडीतनं उतरूच दिलं नव्हतं, परत गेल्यावर चिरंजीवांनी निबंधात लिहिलं की गावी खूप ट्रॅफिक असतं.

नानाकाका: पटलं. संध्याकाळी मळ्यात आट्यापाट्या, मी रेषा आखून देतो. रात्री गच्चीवर अंथरुणं. नऊ साडेनऊला सप्तर्षी वर आलेले असतात, त्यांच्यावरनं ध्रुव काढायला शिकवतो, उशिरापर्यंत जागी राहिली तर आग्नेयेला विंचू उगवलेला दिसतो, आकडी सकट. त्याला काही ॲप लागत नाही.

ऋतुजा: आम्ही रेल्वेने येतोय, किर्लोस्करवाडीला उतरतो. कुणीतरी घ्यायला या प्लीज, सामान जास्त आहे.

सतीशदादा: मी येतो छोटा हत्ती टेम्पो घेऊन, पोरं मागं बसतील म्हणून खूश होतील पण बसवणार नाही, सामान मागं. आणि गाडीनं येणाऱ्यांनी घरातले रिकामे पाच लिटरचे तेलाचे डबे भंगारात देऊ नका, धुऊन घेऊन या. झाकण घट्ट बसणारं पाहिजे.

अमोल: आमच्याकडं तीन निघाले. झाकणं दोनच आहेत.

सुमनआत्या: बिनझाकणाचा तुला.