आजोबांचा जुना रेझर सापडला, वापरू की नुसता ठेवू?

गोदाकाठचा
मंडळी, मागच्या आठवड्यात गावचं घर आवरत होतो तर माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचं दाढीचं सामान सापडलं. ब्रशचे केस झडलेत, वाटी पिचलीये, पण रेझर एकदम दणकट, हातात घेतला की वजन जाणवतं. दांड्याच्या खालची गुंडी फिरवली की वरची दोन झाकणं दारासारखी उघडतात, म्हणजे उघडायला पाहिजेत, एक उघडतं आणि दुसरं अर्ध्यात अडकतं. आत जिलेट आणि मेड इन इंग्लंड एवढं वाचता येतं, बाकी सगळा पांढरा थर. साधारण कधीचा असेल हा? साफ कसा करू? आणि आजचं ब्लेड त्यात बसेल का? बायको म्हणते शोकेसमध्ये ठेव, गंजकं लोखंड तोंडाला लावू नको.

रविवारी_जुनाबाजार
वहिनींना सांग लोखंड नाहीये ते, आत पितळ आणि वरून मुलामा, गंजायचा प्रश्नच नाही. पांढरा थर म्हणजे साबण आणि जड पाण्याचा क्षार, वर्षानुवर्षं साचलेला, दार त्यानेच अडकलंय. जोर लावू नकोस. कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब टाक, रात्रभर बुडवून ठेव, सकाळी जुन्या टूथब्रशने बिजागरीत घास, सुकलं की शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब गुंडीच्या फटीत. ट्रंकेतली वस्तू आहे तर शेवटी सॅनिटायझरमध्ये बुडवून काढ.

वय सांगायचं तर फोटो टाक. नुसत्या वर्णनावरून हा दारवाला प्रकार दुसऱ्या महायुद्धानंतरचा वाटतो, पन्नास-साठच्या दशकातला. लंडनच्या पश्चिमेला ग्रेट वेस्ट रोडवर त्यांची घड्याळाच्या मनोऱ्याची फॅक्टरी होती, १९३७ची, त्या चौकाला अजून जिलेट कॉर्नर म्हणतात. अमेरिकन रेझर असता तर काम सोपं होतं, १९५१पासून त्यावर एक अक्षर आणि एक आकडा मारायचे, अक्षर म्हणजे साल आणि आकडा म्हणजे तिमाही. माझ्याकडचा जाडा १ ते ९ आकड्यांच्या डायलवाला आहे ना, ज्याला सगळे फॅटबॉय म्हणतात, त्यावर ई३ आहे, म्हणजे १९५९ची तिसरी तिमाही.

आणि ब्लेड बसणार, डोळे झाकून घे. यातली खरी गंमत ब्लेडच्या मधल्या भोकात आहे. जिलेटचं पेटंट १९०४चं, तेव्हाच्या पात्याला तीन गोल भोकं होती. १९२१मध्ये पेटंट संपलं तशी ब्लेडं करणारे बाकीचेही मैदानात आले. पुढे ऑटोस्ट्रॉप नावाच्या कंपनीच्या गेसमन नावाच्या माणसाने जिलेटच्या रेझरलाही चालेल असं ब्लेड काढलं आणि दोघांची अशी जुंपली की १९३०मध्ये दोन्ही कंपन्याच एक झाल्या. आत्ता दुकानात मिळणारं लांब खाचेचं ब्लेड त्याच भांडणातून आलंय, आणि त्या खाचेमुळे ते तीन खुंट्यांच्या शंभर वर्षांपूर्वीच्या रेझरलाही बसतं आणि तुझ्यालाही. मोबाईलचा चार्जर पाच वर्षं टिकत नाही आपल्याकडे.

फेसाळ_पक्या
माझा गाढवपणा ऐक म्हणजे तू करणार नाहीस. मला असाच एक मिळाला होता, चारशे सांगितले, अडीचशेला घेतला, घरी आणला आणि देवाची भांडी घासायच्या पावडरीने आईसारखा दे दणादण घासला. चकाकला खरा, पण दांडा पिवळा पडला हो, मुलामाच निघाला सगळा, आता तो तांब्या-पळीच्या शेजारी शोभतो. चिंच, लिंबू, पावडर, तारेचा काथ्या, काहीही लावायचं नाही. उकळत्या पाण्यातही टाकू नको.

वापरताना एकच बघ, गुंडी आवळल्यावर दोन्ही बाजूंनी पातं सारखं बाहेर दिसतंय का. तिरकं बसलं असेल तर पुन्हा सैल करून बसव, नाहीतर एका बाजूने दाढी आणि दुसऱ्या बाजूने ऑपरेशन.

ठाणेकर_काका
आमच्या लहानपणी वडील खिडकीच्या गजाला आरसा अडकवून याच रेझरने दाढी करायचे. ब्लेड बोथट झालं की काचेच्या ग्लासात आतून बोटाने दाबून मागेपुढे घासायचे, दोन-चार दाढ्या आणखी निघायच्या, आणि मग तेच ब्लेड आईच्या शिवणाच्या डब्यात, नाहीतर आमच्या पेन्सिलीला. तुम्ही ते करू नका, आता ब्लेडं काही महाग नाहीत.

बाळा, मुख्य गोष्ट हाताची आहे. हल्लीच्या चार-पाच पात्यांच्या रेझरने तुम्हाला दाबायची सवय लागलीये. इथे दाबलं की संपलं, रेझरचं वजनच काम करतं. दांडा गालापासून साधारण तीस अंशावर धर, आधी केसांच्या दिशेने, मग पुन्हा फेस लावून आडवा. उलटा हात पहिले पंधरा दिवस मारायचाच नाही. तुरटी ओली करून जवळ ठेव, लागणारच आहे.

गोदाकाठचा
सगळ्यांचे आभार! दोन रात्री बुडवून ठेवला, दुसरं दार सुटलं, थराखाली मुलामा जवळजवळ नव्यासारखा निघाला, फक्त आजोबांचा अंगठा टेकायचा तेवढी जागा घासून गुळगुळीत झालीये. आज पहिली दाढी केली. गाल मस्त, हनुवटीखाली मात्र दोन ठिकाणी कापलं, तुरटी कामाला आली काका. कागदाचा कपटा चिकटवून बाहेर आलो तर बाबा बघून हसायला लागले, म्हणाले तुझ्या आजोबांनाही तिथंच कापायचं. फोटो रात्री टाकतो, बाबा मघापासून रेझर घेऊन बाथरूममध्ये आहेत.