पन्हाळ्याचा मुक्काम: रात्रीच्या थंडीचं काय?

बी-१०१ (सेक्रेटरी): नमस्कार सोसायटीतल्या मंडळींनो. होळीच्या आधीच्या शनिवारी तंबूतला मुक्काम नक्की झाला. ९ घरं, मोठी माणसं १९, पोरं १४. जागा सी-२०३ च्या चुलत्यांचं रान, पन्हाळ्याहून मसाई पठाराकडं जाताना. दाजीपूर काहींनी सुचवलं होतं, पण ते अभयारण्य. परवानगीशिवाय तिथं तंबू ठोकता येत नाही, गवे फिरतात आणि जाळ करायचं तर नावच नको. जेवण रानात, तांबडा-पांढरा. अंथरूण-पांघरूण ज्याचं त्यानं आणायचं. शंका असतील तर इथंच विचारा.

सी-२०३: अंथरूण काय, एक चटई आणि एक चादर बास होतंय. दुपारी पारा ३४ वर जायलाय. शिवरात्र झाली, थंडी शिव शिव म्हणत कवाच गेली.

बी-२०४: आमचं बाळ ८ महिन्यांचं आहे. आणू की नको याच विचारात आहे. रात्री खरंच गारठा असतो का?

ए-३०२: असतो. दादा, राग मानू नका, पण चटई आणि चादरीवर कुणी जाऊ नका. गेल्या वर्षी याच दिवसांत आम्ही चौघं गगनबावड्याकडं तंबूत राहायला गेलो होतो. दिवसभर ऊन मी म्हणत होतं, त्यामुळं मलाही हेच वाटलं होतं. तंबू ओढ्याच्या काठाला होते, गवतावर, जागा बघूनच जीव हरखला. जाड ब्लँकेटं माणशी दोन नेली होती. रात्री अडीचला धाकटी उठून बसली, दातावर दात आपटत होते. मी माझं ब्लँकेट तिच्यावर टाकलं, मग ह्यांचं टाकलं. अंगावर चार पांघरुणं, तरी पोरगी काकडतच होती. शेवटी पाठीखाली हात घातला तर खालची सतरंजी ओली गार, फरशीसारखी. उरलेली रात्र गाडीत बसून काढली. सात वर्षांची पोर मला विचारत होती, आई सकाळ कधी होणार. पांघरुणं चार होती आणि खाली नुसती सतरंजी. चूक तिथं झाली.

बी-४०२: वहिनींनी नेमकं सांगितलं. शाळेत भूगोल शिकवला म्हणून थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या. पांघरूण ऊब तयार करत नाही. त्याच्या धाग्यांत अडकलेली हवा आपल्या अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. आपण ज्यावर आडवे होतो ते वजनानं दबतं, त्यातली हवा निघून जाते आणि अंग थेट जमिनीला भिडल्यासारखं होतं. जमीन रात्रभर ऊब ओढत राहते. म्हणून वर एक आणि खाली दोन असं गणित ठेवायचं. बहुतेक लोक उलटं करतात.

सी-२०३: सर, पण दिवसा एवढं तापलेलं रान रातोरात गार कसं हुतंय?

बी-४०२: आता आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी. ढग असले की ते जमिनीची उष्णता अडवतात, नसले की ती सरळ वर निघून जाते. पन्हाळा सुमारे ८४५ मीटरवर आणि आपलं कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास. एक हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंशांनी हवा गार होते, म्हणजे उंचीमुळं फरक पडतो तो जेमतेम दोन अंशांचा. खरा फरक उघड्या रानाचा आणि वाऱ्याचा. आपल्या गल्लीत रात्री दीडलासुद्धा भिंती ऊन ओकत असतात. तिथं भिंती नाहीत.

अजून एक. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराला वाहते आणि खोलगट जागेत साठते. वहिनींचा तंबू ओढ्याकाठी होता म्हणजे गारठ्याच्या डबक्यातच होता, वर पाण्याचं दव. सी-२०३, तुमच्या चुलत्यांचं रान कसं आहे? विहीर कुठं, बांध कुठं?

सी-२०३: विहीर आणि ओढा खालच्या अंगाला. मधी दोन टप्प्यांची शेती, भात काढून मोकळी. वर माळ. मधल्या टप्प्याला उंच बांध हाय, करवंदीची जाळी बी हाय पश्चिमेला.

बी-४०२: मग मधला टप्पा. संध्याकाळी वारा पश्चिमेकडून येतो, तो बांध आणि जाळी अडवतील. माळावर तंबू नको, तिथं वारं झोडपून काढेल. खाली ओढ्याला तर नकोच.

सी-१०१: मी नातू लिहितोय, आण्णा सांगतायत ते जसंच्या तसं. "आमाला ऊसाला पाणी पाजायला लाईट रातचीच यायची. माघ-फाल्गुनात निम्मी रात रानात. कुणाकडं हुतं मॅट न् फिट? खाली भाताचं पिंजर ईतभर, त्येच्यावर पोतं, त्येच्यावर वाकळ, आणि अंगावर घोंगडं. कवा काकडलो न्हाई. पिंजर मात्र वाळलेलं पायजे, पाऊस लागल्यालं नगं, कुबट वास मारतंय आणि अंग खाजतंय."

ए-३०२: आण्णा, हेच हवं होतं. पिंजराच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या काडीत पोकळी असते, दबली तरी थोडी हवा राहतेच. दादा, तुमच्या चुलत्यांकडं पिंजर शिल्लक आहे का?

सी-२०३: गंजी हाय की. म्हशीपुरतं ठेवून देतील.

ए-१०३: आम्ही हवा भरायची गादी घेतली आहे, दोघांची, उंच. मग आम्हाला पिंजर लागणार नाही ना?

बी-४०२: लागेल. त्या गादीत आतली हवा मोकळी खेळत राहते, खाली गार होते, वर येऊन तुमची ऊब घेऊन जाते. मऊ लागते, ऊबदार नसते. न्यायचीच असेल तर तिच्यावर वाकळ किंवा घोंगडं अंथरा. त्यापेक्षा पोरांच्या खेळण्यातल्या, एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या फरश्या असतात ना, त्या फार चांगल्या. तळमजल्याच्या हॉलमध्ये आपल्याकडं आहेतच. सेक्रेटरीसाहेब, नेऊ शकतो का?

बी-१०१ (सेक्रेटरी): नेऊया. धुऊन परत लावायची जबाबदारी नेणाऱ्यांची.

सी-३०४: रात्री जास्तच गार वाटलं तर आमच्याकडं लोखंडी शेगडी आहे. कोळसे फुलवून तंबूच्या तोंडाशी आत ठेवली तर तंबू दहा मिनिटांत तापतो. पोरांसाठी करूया का?

ए-१०४ (डॉक्टर): अजिबात नको. हे मी हात जोडून सांगते. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्याला चुरचुर नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठतच नाही. थोडं दार उघडं ठेवलं तरी भरवसा नाही. शेगडी, गॅसचा स्टोव्ह, निखाऱ्याची पाटी, कंदील, काहीही पेटतं तंबूत न्यायचं नाही. विझत आलेली शेगडीसुद्धा नाही, उलट तीच जास्त फसवते.

सी-३०४: बाप रे. मी दरवर्षी घरी बाथरूमजवळ ठेवायचो. शेगडी घरीच राहील.

ए-१०४ (डॉक्टर): घरीसुद्धा बंद खोलीत नको. ऊब हवी असेल तर स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरा, बूच घट्ट लावा, मोज्यात घाला आणि झोपायच्या आधी अर्धा तास पांघरुणात ठेवून द्या. पोरं आत शिरतील तेव्हा अंथरूण ऊन असेल. रबरी पिशवी असेल तर तीही चालेल. नुसती कातडीला लावू नका, भाजतं.

बी-२०४ ताई, बाळाला आणायला हरकत नाही, पण झोपताना त्याच्यावर सुटी जड पांघरुणं नकोत, तोंडावर येतात. अंगात कपड्यांचे थर घाला, आपल्यापेक्षा एक जास्त. गार झालंय का हे हातापायावरून ठरवू नका, लहान बाळांचे हातपाय तसेही गार लागतात. मानेच्या मागं नाहीतर छातीवर हात लावून बघा. तिथं घाम असेल तर एक थर काढा.

बी-२०४: हो मॅडम. आणि आजींना? त्या म्हणतात मला थंडी वाजतच नाही.

ए-१०४ (डॉक्टर): तेच लक्षात ठेवायचं. वय झालं की थंडी कळायला उशीर लागतो आणि अंगाला कापरंही कमी भरतं. त्यांनी मागितलं नाही तरी कानटोपी, मोजे, स्वेटर संध्याकाळीच घालायला लावा. आणि रात्री उठावं लागेल म्हणून कुणी पाणी पिणं सोडू नका. झोपायच्या आधी सगळ्यांनी एकदा जाऊन यायचं, पोरांना तर हाताला धरून न्यायचं.

ए-३०२: पोरांच्या बाबतीत अजून एक सांगते, हे मला त्या रात्रीनंतर उमगलं. संध्याकाळभर पोरं पळतात, बनियन घामानं भिजतं. सुती कपडा घाम धरून ठेवतो, ऊन उतरलं की तोच अंगावर बर्फासारखा होतो. आपण वरून स्वेटर चढवतो आणि आत ओलं तसंच. म्हणून सूर्य मावळायच्या आत सगळ्या पोरांचे कपडे आतून बदलायचे, मोज्यांसकट. झोपायचे मोजे वेगळे, कोरडे, पिशवीत बांधून ठेवलेले. आणि गारठा लागायच्या आधी ऊबदार कपडे घालायचे. एकदा पोर काकडलं की अंगात परत ऊब यायला फार वेळ जातो.

ए-१०३: तंबूची दारं, जाळ्या सगळ्या घट्ट बंद करायच्या ना?

बी-४०२: नाही, वरच्या जाळ्या थोड्या उघड्या ठेवा. चार माणसांच्या श्वासातून रात्रभरात तांब्याभर पाणी बाहेर पडतं. ते आत कोंडलं की कापडाला घाम येतो आणि पहाटे तोच पांघरुणावर टपकतो. वहिनींच्या सतरंजीला ओल होती, त्यात थोडं हेही असणार. तोंडावर पांघरूण ओढूनही झोपू नका, कानटोपी घाला, नाक उघडं राहू द्या.

सी-२०३: सगळ्यांचं वाचलं. मी काल मुद्दाम आपल्या गच्चीवर झोपलो, एक चटई एक चादर. चारपर्यंत गाढ झोप. मला वाटतंय आपण लईच तयारी करतोय.

बी-४०२: अरे, गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि पहाटेपर्यंत खालून ऊब देत राहतो. तू चुलीवर झोपलास. रानातली माती तशी नाही. बघायचंच असेल तर रानात जा, माझा थर्मामीटर घेऊन जा.

सी-२०३: जातो की. बुधवारी चुलत्याचं रातचं पाणी हाय.

(गुरुवार)

सी-२०३: वहिनी, सर, जाऊन आलो. आधी ओढ्याकडंला चटईवर पडलो. एक वाजता पाठ आखडली. थर्मामीटर १३. मग मधल्या टप्प्याला बांधाच्या आडोशाला आलो, तिथं १५.५. दोनशे पावलांत एवढा फरक, मला पटला नसता. चुलत्यानं पिंजर ओढून दिलं, वर पोतं, वर घोंगडं. पहाटे साडेसहाला चुलत्यानंच हाक मारून उठवलं. आण्णांना सांगा, त्यांचं खरं हाय.

सी-१०१: आण्णांना वाचून दाखवलं. म्हणतात, "घोंगडं कुणाचं हुतं? पट्टणकोडोलीचं असल तर दव पडलं तरी आत लागत न्हाई. लोकर ओलसर झाली तरी ऊब सोडत न्हाई." आणि आमच्या माळ्यावर तीन घोंगडी आहेत, ती देतायत. धुवायला टाकू नका म्हणतात, चिंचोक्याची खळ निघून जाते. नुसती उन्हात घाला.

बी-१०१ (सेक्रेटरी): उत्तम. मग असं. पिंजर सी-२०३ ट्रॉलीनं मधल्या टप्प्यावर आणणार. उतरवायला चार जण दुपारी तीनला पुढं जा. पिंजर असल्यामुळं जाळ तंबूंपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, आणि पाण्याच्या दोन घागरी शेजारी भरून ठेवायच्या. झोपायच्या आधी पाणी ओतून, हात लावून बघायचा, मगच उठायचं. एक वणवा लागला तर अख्खा डोंगर जाईल. सिगारेटवाल्यांनी पिंजराकडं फिरकायचं नाही. रात्रीच्या जेवणानंतर पोरांना तूप-गूळ पोळी, अंगात जळण राहतं. स्लीपिंग बॅग भाड्यानं आणणार असाल तर तिच्यावर दोन-तीन आकडे लिहिलेले असतात, त्यातला 'कम्फर्ट' बघा. 'एक्स्ट्रीम'चा आकडा झोपण्यासाठी नसतो.

सी-२०३: वहिनी, तुमचा तंबू बांधाच्या आडोशाला पहिला लावूया. पिंजर तिथं ईतभर न्हाई, दोन ईत टाकतो.

ए-३०२: चालेल दादा. ती रोज विचारते, रात्री परत गाडीत जाऊन बसायचं का म्हणून. आज आण्णांकडून घोंगडं आणून तिला खोलीत अंथरून देते. खाली दोन, वर एक, तिनंच मांडायचं.