‘विचित्र वास’ : कुबट, कोंदट की खवट?

एका मैत्रिणीच्या कथेच्या कच्च्या खर्ड्यात पुढील वाक्य होते : ‘वाड्याचे दार उघडताच आत खूप विचित्र वास येत होता.’ ‘विचित्र’ऐवजी कुबट, कोंदट आणि खवट यांपैकी कोणता शब्द योग्य ठरेल, असे तिने विचारले आहे.

‘कोंदट’ हे मुळात हवेचे किंवा जागेचे विशेषण आहे. कोंदट वास असे बोलण्यात येत असले, तरी त्यातून वारा खेळत नाही एवढेच कळते. ‘खवट’ खोबऱ्याला, शेंगदाण्याला किंवा जुन्या तेलाला शोभतो (आणि एखाद्या तिरकस बोलणाऱ्या म्हाताऱ्यालाही). ‘कुबट’मध्ये मात्र ओल असते. पावसाळ्यात नीट न वाळलेले कपडे किंवा ट्रंकेत दडपून ठेवलेल्या गोधड्या यांचा जो वास येतो, तो कुबट.

विशेषण ठरले म्हणजे क्रियापदाकडे पाहावे लागते. मराठीत घमघमाट सुटतो, मोगरा दरवळतो आणि नुसता ‘वास मारतो’ म्हटले, की तो वाईटच असणार हे न सांगता कळते. मैत्रिणीने दुसऱ्या खर्ड्यात ‘कुबट वासाचा भपकारा आला’ असा बदल केला. तो मला पटला नाही. भपकारा रॉकेलचा, दारूचा किंवा उघड्या गटाराचा असतो आणि एकदम नाकावर आदळतो; कुबट वास सावकाश लक्षात येतो आणि अंगाला चिकटून राहतो. शिवाय ‘उघडताच’ या रूपाला ‘आला’ असे घडून गेलेले क्रियापद हवे असते, ‘येत होता’ नव्हे. म्हणून ‘आत थोडे वावरल्यावर गोधड्यांचा कुबट वास जाणवू लागला’ हे वाक्य मला अधिक खरे वाटते. त्यात ‘खूप’ची गरज उरत नाही.

अडचण वेगळीच निघाली. कथेतला वाडा वऱ्हाडातला आणि महिना वैशाख. त्या रखरखीत उन्हात ओल कुठून आणायची? ‘धुळकट’ चालला असता, पण तो वासापेक्षा नजरेचा शब्द आहे. खर्डा पुन्हा चाळला, तेव्हा गेल्या पावसाळ्यात गळलेल्या छपराचे ओघळ आणि त्यांच्याखाली ठेवलेली ट्रंक दोन पाने पुढे सापडली. मैत्रिणीने ती ओळ वासाच्या आधी आणली आणि ‘कुबट’ तसाच ठेवला.