पाचवा रकाना: राष्ट्रीयत्व, धर्म की जात?

रफूगार: रशियन कथेच्या भाषांतरात अडलोय. सोव्हिएत नोकरीच्या माहितीपत्रकात पाचवा रकाना ‘नात्सिओनाल्नोस्त’चा. पात्र सोव्हिएत नागरिक, रकान्यात ‘येव्रेय’, म्हणजे ज्यू. ‘राष्ट्रीयत्व: ज्यू’ लिहिलं तर तो इस्रायलचा वाटतो. ‘धर्म: ज्यू’ म्हणावं तर गडी पक्का नास्तिक.

उकार: धर्म नकोच. त्यासाठी रशियनमध्ये ‘इउदेय’ हा निराळा शब्द आहे. १९३२मध्ये अंतर्गत पासपोर्ट, म्हणजे देशातच वापरायची ओळखपत्रं आली. पुढे त्यातली ही नोंद आईबापांवरून ठरू लागली. दोघं वेगळ्या गटांतले असले तर सोळाव्या वर्षी पोरानं दोहोंपैकी एक निवडायचा, तिसरा नाही. शाळेच्या दाखल्यावर आपली जात असते तसंच हे. सरळ ‘जात’ लिहा.

देठ: जात कशी? त्याच रकान्यात रशियन, तातार, जॉर्जियन असायचे. जॉर्जियनांना प्रजासत्ताक होतं, ज्यूंनाही १९३४मध्ये बिरोबिजानचा स्वायत्त प्रांत मिळाला. आणि ‘वंश’ तर सुचवूही नका, तो नाझींच्या कागदावरचा शब्द.

कानामात्रा: मुळात ‘राष्ट्रीय’च अशुद्ध. पाणिनीनुसार राष्ट्र शब्दाला ‘घ’ (म्हणजे ‘इय’) प्रत्यय लागतो, रूप ‘राष्ट्रिय’, ऱ्हस्व. अमरकोशात ‘राजश्यालस्तु राष्ट्रियः’, म्हणजे राजाचा मेहुणा!

उकार: म्हणजे पासपोर्टावर ‘राष्ट्रीयता’च्या रकान्यात आपण सगळे मेहुणे. मराठीत दीर्घ रूढ आहे, विषय संपला.

कानामात्रा: रूढ म्हणजे शुद्ध नव्हे.

गाळीव: हिब्रूत याला ‘लेओम’ म्हणतात. आपल्या ‘कौम’चं हे भावंडच.

देठ: नाही हो. ‘कौम’ अरबी, धातू क-व-म. ‘लेओम’ बायबलमधला जुना हिब्रू शब्द. यमक जुळलं म्हणजे नातं जुळत नाही. पण अर्थानं ‘कौम’ चपखल बसतो. इस्रायलच्या लोकसंख्या नोंदवहीत नागरिकत्व, धर्म आणि लेओम असे तीन रकाने. १९७०मध्ये शालित खटल्यात ज्यू बाप आणि ज्यू नसलेली आई यांच्या मुलांचा लेओम ‘ज्यू’ नोंदवा, असा निकाल ५ विरुद्ध ४ मतांनी लागला. संसदेनं लगेच कायदा बदलला: ज्यू म्हणजे ज्यू आईचं मूल किंवा धर्मांतरित, आणि दुसऱ्या धर्मात न गेलेला. त्याच दुरुस्तीत ज्यूच्या नातवंडांनाही इस्रायलमध्ये येऊन राहायचा हक्क दिला. त्यामुळे हक्कानं आलेला माणूस नोंदवहीत ज्यू असेलच असं नाही. आणि लेओम ‘इस्रायली’ लिहा ही मागणी २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली.

गाळीव: बेने इस्रायलींना, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंनाही, ‘ज्यू कोण’ हा प्रश्न भोवला. तिकडे नागरिक झाले, पण १९६२मध्ये लग्न लावण्याआधी त्यांची वंशावळ तपासायचा आदेश रब्बींनी काढला. १९६४मध्ये संसदेला ठराव करावा लागला की हे सर्वार्थानं ज्यूच. कोकणात शनिवार तेली म्हणून शेकडो वर्षं ओळखले गेले ते निराळंच. ते नाव धंद्यावरून आणि सुट्टीच्या वारावरून, चौथा रकाना म्हणा.

रफूगार: ‘कौम: ज्यू’ मराठी कानाला मुसलमानी वाटेल. ‘समाज: ज्यू’ चालेल?

उकार: ‘समाज’ म्हटलं की मंडळ आणि वधूवर मेळावा आठवतो. त्यापेक्षा ‘ज्यू’ शब्दच बदला. ‘येव्रेय’ आला ‘इव्री’वरून, मराठी बायबलात त्याचं ‘इब्री’ आहेच. ‘इब्री’ लिहा.

कानामात्रा: ‘इब्री’ कोणाला कळणार? ‘यहुदी’ लिहा.

गाळीव: ‘यहुदी’ फारसी वाटेनं आला, ‘ज्यू’ इंग्रजी. दोघांचं मूळ ‘यहुदा’च. मग ‘यहुदी’ शुद्ध कसा?

कानामात्रा: निदान जुना तरी आहे.

गाळीव: म्हणजे शेवटी रूढच ना?