‘कोसला’ आवडणारे ढोंगी? मग मी पहिला

तापीकाठ
काल इथं एकानं लिहिलं की नेमाड्यांची ‘कोसला’ कादंबरी म्हणजे बापाच्या पैशावर पुण्यात उनाडून नापास झालेल्या पोराची रडकथा, त्यातलं घर चक्रम, आणि मजा येते म्हणणारे ढोंगी. रात्रभर डोक्यात राहिलं. अहो, मी यावल तालुक्यातला. पोराशी धड न बोलणारे बाप आमच्या एका आळीत तीन होते, त्याला चक्रम म्हणत नाहीत, घर म्हणतात. रात्रीची लाइट येईस्तोवर आमचे बाबा केळीच्या बागेत खाटेवर पडून बॅटरीच्या उजेडात हेच वाचायचे, एकटेच हसायचे. नायकाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते त्या पानावर केळीच्या चिकाचा काळा डाग आहे. तिथं बोट ठेवून ते बराच वेळ बसले असणार.

रोखठोक_जळगाव
ते मीच लिहिलंय. डाग तुमच्या बाबांचा, कादंबरी नेमाड्यांची. 1963 साली नवलाई असेल. माझ्या बापानं बैलजोडी विकून मला शिकवलं. मला त्या नायकाचं उठसूट ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ परवडलं नसतं.

धुळेकर_भाऊ
आवडते, पण खान्देशी माणसाच्या पुस्तकात अहिराणी कुठाय?

तापीकाठ
नायकाचं गाव सांगवी, तिथं अहिराणी कुठून येणार? तिकडे लेवा बोली. तुमचं ‘शे’, आमचं ‘हाये’.

धुळेकर_भाऊ
म्हणजे बहिणाबाई पण तुमच्याच!

निवृत्त_मास्तरीण
आसोद्याच्या बहिणाबाई लेवा बोलीतल्याच. पेपरात ‘अहिराणी कवयित्री’ लिहिलं की मी अर्धा मार्क कापायचे.

धुळेकर_भाऊ
तुमच्यासारख्यांमुळेच आमची पोरं लाजतात! चौथीत मी ‘मनी वही घर शे’ म्हणालो, तर गुरुजींनी तासभर अंगठे धरायला लावले. वर्ग हसत होता. आजही बँकेत गेलो की आधी मनात वाक्य जुळवतो, मग बोलतो.

निवृत्त_मास्तरीण
अंगठे मी कुणाला धरायला लावले नाहीत. पण हसले असेन. घ्या तुमचा अर्धा मार्क परत. बहिणाबाई मात्र मिळणार नाहीत.

धुळेकर_भाऊ
ठेवा तुमच्याकडेच. आणि ताई, आमच्यात ‘मनी’ म्हणजे ‘माझी’. ‘कोसला’तली मनी गेली, तेव्हा मी तसंच वाचलं होतं.

रोखठोक_जळगाव
झालं भाषेचं? मनीचं प्रकरण काल पुन्हा काढून वाचलं. तेवढं चांगलंय. बाकीच्या पुस्तकाला तुमच्या बाबांचा डाग पाडून पाठवा, मग बघू.