मदत हवी आहे: सोने-शोध प्रकल्पाचा अंदाज कसा बांधावा?

कोल्हापुरात गुजरीत आमची पेढी असल्याने दागिन्याचा कस मी कसोटीवर सांगू शकतो, पण खडकातल्या सोन्याचा हिशेब मला नवा आहे. कर्नाटकातील अशा एका प्रकल्पात वडील आयुष्यभराची पुंजी गुंतवू पाहत आहेत, म्हणून काळजीने विचारतो.

अहवालात एका विंधनछिद्रात (नमुन्यासाठी खडकात यंत्राने पाडलेल्या खोल छिद्रात) ४ मीटर लांबीवर टनामागे ६ ग्रॅम सोने दाखवले आहे. शीर, म्हणजे खडकातला सोने असलेला पट्टा, तेवढीच ४ मीटर जाड, ५०० मीटर लांब, १०० मीटर खोल आणि घनता घनमीटरला २.७ टन धरली, तर ५,४०,००० टन खडक व सुमारे ३.२ टन सोने होते. परंतु छिद्र शिरेला तिरके गेले असेल तर खरी जाडी ४ मीटरहून कमी भरणार, शिवाय एका छिद्रावरून शीर सलग मानणे मला धाडसाचे वाटते. किती अंतरावर छिद्रे झाल्यावर हा आकडा विश्वासार्ह धरावा? जाणकार भूवैज्ञानिकांनी कृपया मार्गदर्शन करावे.