टिअर्स ऑफ द किंगडम (झेल्डा मालिकेतला व्हिडिओ गेम): फुगा वर जातो, पण मध्येच गायब होतो

प्रश्न: लाकडी फळीवर झोनाई फुगा (गरम हवेने वर जाणारं गेममधलं यंत्र) अल्ट्राहँडने (वस्तू जोडण्याची शक्ती) चिकटवला, खाली फ्लेम एमिटर (ज्वाळा फेकणारं यंत्र) लावला. वर जातो, पण बाजूला सरकत नाही. थोड्या वेळाने लुकलुकतो आणि नाहीसा होतो. यंत्रं चालवणारी बॅटरी तर शिल्लक असते!

उत्तर १: बॅटरीचा संबंध नाही. फुग्याला स्वतःचं आयुष्य असतं. लुकलुकणं हा इशारा. तेव्हा लगेच उडी मारून पॅराग्लायडर उघडा. एमिटरचं तोंड बरोबर फुग्याच्या खालच्या भोकाकडे हवं. जरा तिरकं बसलं तर ज्वाळा बाहेर जाते, हवा तापत नाही. बाजूला जायला फॅन लागतोच, फुगा नुसता वर नेतो. वजन वाढलं की चढाई मंदावते, म्हणून फळी छोटीच ठेवा.

उत्तर २: बॅटरी वाचवायची तर एमिटरऐवजी लाकडाची मोळी पेटवा. मात्र पाऊस आला की खेळ खल्लास.

उत्तर ३: ऑक्टोरॉक या राक्षसाकडून मिळणारे फुगे वेगळे, त्यांना आगीची गरज नसते. आधीच्या ब्रेथ ऑफ द वाइल्ड गेममध्ये ते हातात घेऊन वस्तूवर ठेवायचे. जड वस्तूला एकापेक्षा जास्त लागतात आणि थोड्याच वेळात फुटतात. खाली लपलेलं काही काढायला उत्तम, प्रवासाला कुचकामी.

प्रश्नकर्ता: म्हणजे चूक माझ्या जोडणीची नव्हती तर! मालिकेतल्या जुन्या मेजोराज मास्क गेममध्ये टिंगल या पात्राचा फुगा फोडणं यापेक्षा सोपं होतं.

उत्तर २: तिथे डेकू रूपात (नायकाचं झाडासारखं रूप) तो फुगा फोडणारा बुडबुडा मारायला आधी जादूची शक्ती मिळवावी लागते, हे विसरलात वाटतं.